बातमीतला ‘अचानक’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या जिल्हा पानावर तीन वाक्ये आलटूनपालटून वाचायला मिळतात. ‘अचानक टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला’, ‘घाटात ब्रेक निकामी झाले’ आणि ‘धावत्या कारने अचानक पेट घेतला’. बातमी खोटी नसते. पण रोज गाड्यांखाली झोपून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यातला ‘अचानक’ खटकतो. तो वाचून माणूस म्हणतो, नशिबात होते, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गोटा झालेल्या टायरवर तुळजापूरला निघतो. टायर, ब्रेक आणि इंजिन बिघडण्याआधी आठवडा-महिनाभर काही ना काही दाखवत असतात. ते ओळखायचे कसे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. क्लच घसरणे, एसी थंड न होणे हे खिशाचे विषय आहेत, म्हणून ते इथे घेतलेले नाहीत.

आधी टायर, कारण समृद्धी महामार्ग झाल्यापासून तोच प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाला छोट्या कारचे चाक मिनिटाला सुमारे अकराशे वेळा फिरते. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू नेहमीपेक्षा जास्त दबते आणि परत सरळ होते. तार हाताने वाकवत राहिले की गरम होऊन तुटते, तसेच इथे होते. आतले रबर तापते, स्टीलच्या पट्ट्यांपासून सुटू लागते आणि शेवटी टायर चिंध्या होऊन उडतो. म्हणजे फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेचा टायर. आपल्याकडे समज नेमका उलटा आहे: ‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून चार पॉइंट कमी ठेवा.’ पंक्चरवालाही हेच सांगतो, गिऱ्हाईकही मान डोलावते. सकाळी ३३ पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचा ‘पॉइंट’) भरलेली हवा दुपारी चाललेल्या गाडीत ३७-३८ दाखवणारच. गाडीच्या कंपनीने तो हिशोब धरूनच ३३ चा आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडून ३३ केली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तीच २८-२९ भरते. म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या कागदावर छापलेले असते. त्या कागदावर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, जास्तीचा आकडा असतो. पाच माणसे आणि डिकीभर सामान असेल तर तो पाहावा. नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासायची गरज संपत नाही.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूला इंग्रजी ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही चौकट टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे ती चाकाच्या आतल्या अंगाला गेली असेल तर टॉर्च घेऊन वाकावे लागते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांपलीकडे नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो वापरू नये, असे टायर कंपन्याच सांगतात. वर्षभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या इथल्या गाडीला आम्ही सहाव्या वर्षीच बदला म्हणतो. स्टेपनीही यात धरावी. ती न वापरता म्हातारी होते, आणि ऐन वेळी तिच्यात हवाही नसते.

नक्षीची खोली मोजायला यंत्र लागत नाही. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर कायद्यानेही संपला. झीज कशी झाली आहे तेही बोलके असते. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा खाल्ला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. हात फिरवल्यावर उंचसखल लागले तर शॉकअप गेले आहेत. आणि बाजूला अंड्याएवढा ‘फुगा’ आलेला दिसला, तर त्या चाकावर गावाबाहेर जाऊ नये. खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराच्या सालीने धरलेली असते. फुग्याला दुरुस्ती नाही. बाजूच्या पंक्चरलाही नाही. ट्यूबलेसची वात, म्हणजे भोकात ठोसायची रबरी दोरी, फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात मारायची.

एवढे करूनही टायर फुटलाच तर पाय ब्रेकवर जाऊ देऊ नये. ब्रेक मारला की गाडी फुटलेल्या चाकाभोवती फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग आपोआप ४०-५० पर्यंत उतरल्यावर कडेला घ्यावे.

आता ब्रेक. मांजरसुंबा किंवा कन्नडचा औट्रम घाट उतरताना ‘ब्रेक फेल’ झालेल्या गाडीचे ब्रेक गॅरेजमध्ये येईपर्यंत पुष्कळदा नीट झालेले असतात. मग मालकाला वाटते, मिस्त्री काहीतरी लपवतो आहे. खरी गोष्ट अशी की उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की डिस्क तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते आणि ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि गाडी थांबत नाही. थंड झाले की वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि पेडल पूर्वीसारखे लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते, हे या दुखण्याचे मूळ आहे. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंशांना उकळते, ओलावा प्यायलेले १४० लाच. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून पातळी भरलेली दिसत असली तरी दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून एअर काढून घ्यावी. हे काम सगळ्यात जास्त टाळले जाते, कारण त्यात मालकाला नवीन असे काही दिसत नाही.

घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेक थोडा जोरात दाबून वेग पाडावा आणि पाय पूर्ण उचलावा. हलका पाय ठेवून देणे सर्वांत वाईट. जळका वास आला तर मोकळी जागा पाहून वीसेक मिनिटे थांबावे, डिस्कवर पाणी ओतू नये. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून, त्यातही चावी बंद करून उतरणारे अजून आहेत. इंजिन बंद असताना पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पेडल दगड होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. वाचत तर काहीच नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन तसेही बंद होते.

सपाट रस्त्यावरही ब्रेक बोलतात. दाबल्यावर बारीक किंचाळी ऐकू आली तर पॅड संपत आल्याची पत्री डिस्कला लागते आहे. नवा पॅड १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, तो तीनवर आला की बदलावा. घर्रर्र असा लोखंडी आवाज म्हणजे उशीर झाला, आता डिस्कही गेली. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकला असण्याची शक्यता जास्त. ते चाक हाताजवळ नेले तरी गरम लागते. डबीतले ऑइल हळूहळू उतरत असेल तर वरून भरून गप्प बसू नये. एक तर पॅड झिजले आहेत, नाही तर कुठे तरी गळते आहे. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जळतो तो बहुतेक गाड्यांत याचसाठी.

गाडी गरम होण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यात इंजिने मरतात ती यानेच, आणि दोष पुष्कळदा पाण्याचा असतो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची आपली सवय जुन्या जीप आणि ट्रॅक्टरच्या काळातली आहे. आपले बोअरचे पाणी किती जड असते ते ज्याच्या घरी बंब किंवा हीटर आहे त्याला सांगायला नको. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांत बसतो. शिवाय आताचे रेडिएटर आणि हेड (इंजिनचा सिलिंडरवरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचे असतात. कूलंटमधली गंज रोखणारी रसायने नसतील तर ते आतून खात जातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. बॅटरीत घालायचे जे पाणी बाटलीत मिळते तेच हे. छोट्या कारला सगळे मिळून साधारण ४ ते ६ लिटर लागते. बाजारात तयार मिसळलेले कूलंटही मिळते, त्यात आणखी पाणी घालायचे नसते. डब्यावर वाचून घ्यावे. रंग सारखा म्हणून दोन जातींचे कूलंट एकत्र करू नये, आत चिखल होतो. या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर १०६-१०७ अंश असतो आणि रेडिएटरच्या टोपणाने धरलेल्या दाबाखाली १२५ च्या आसपास जातो. त्यामुळे सैल झालेले टोपणसुद्धा गाडी उकळवू शकते. किरकोळ किमतीचा भाग आहे, शंका आली की बदलावा.

गाडी केव्हा गरम होते ते नीट पाहिले तर निम्मे निदान घरीच होते. उभी असताना किंवा बाजारपेठेच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंखा चालत नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा मिनिटभरात फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले (वीज जोडणारा स्विच) पाहावा, मग मोटर. उलट मोकळ्या रस्त्यावर, वेगात किंवा चढावर काटा चढत असेल तर रेडिएटर तुंबला आहे, कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पाण्याचा पंप थकला आहे. तुंबणे नेहमी आतूनच होते असे नाही. कापसाचे तंतू, किडे आणि फुफाटा एसीच्या कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखे बसतात. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. पाण्याची कमी दाबाची धार इंजिनच्या बाजूने बाहेर मारावी. सर्व्हिसिंगच्या प्रेशरने समोरून मारली तर पंख आडवे होतात आणि वारा कायमचा अडतो.

आमच्याच व्यवसायातल्या एका सवयीबद्दलही लिहिले पाहिजे. गाडी गरम होते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी ही झडप इंजिनला ठरलेल्या तापमानावर ठेवते. ती काढली की डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या थंडीत इंजिन तापतच नाही, जास्त इंधन पिते आणि जास्त झिजते. मे महिन्यात मूळ दोष जिथल्या तिथे असतो. अडकला असेल तर नवा बसवा. ‘काढून टाकतो, काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

वाटेत काटा लालकडे निघाला तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर जोरात लावा. मे महिन्यात हे करणे नको वाटते, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो आणि सावली गाठण्याइतका वेळ मिळतो. काटा लालला टेकला तर मात्र सावलीची वाट पाहू नये, तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे. टोपण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर येते. नंतर कापड धरून अर्धा आटा फिरवून दाब सोडावा आणि मग उघडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले की हेड वाकते किंवा तडकते. बहुतेक इंजिनांत हेड ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेले चालत नाही, इतके हे नाजूक प्रकरण आहे. अडचणीत मिळेल ते स्वच्छ पाणी घालून गाव गाठायला हरकत नाही, पण त्याच आठवड्यात सगळे काढून कूलंट भरावे.

एक धोका फारसा कोणाला माहीत नसतो. पाइप फुटून सगळे पाणी एकदम गेले तर काटा चढण्याऐवजी मध्येच राहतो किंवा खाली येतो, कारण सेन्सर पाण्यात नसून मोकळ्या हवेत लोंबकळत असतो. काटा ठीक आहे पण हीटर लावल्यावर गार हवा येते, इंजिनचा आवाज कर्कश झाला आहे, गोडसर वास येतो आहे: यातले एक जरी असेल तरी थांबावे. कित्येक नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, लाल म्हणजे थांबा.

हेडखालचे गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या मधली सीलची पट्टी) उडाल्याच्या खुणा वेगळ्या. कूलंट कमी होते पण खाली थेंब पडत नाही. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. ऑइलची कांडी काढली तर दुधाच्या चहासारखे ऑइल लागते. किंवा सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांत रेडिएटरचा पाइप दगडासारखा टणक होतो. अशी गाडी ‘हळूहळू नेऊ’ म्हणून चालवली की हेड फेसिंगचे (हेड घासून सपाट करण्याचे) काम पूर्ण इंजिनकामात जाते. ऑइलच्या लाल दिव्याचेही तेच. तो चालत्या गाडीत लागला तर पुढचा पंप किती लांब आहे याचा हिशोब करू नये, इंजिन तिथेच बंद करावे.

आगीचे कारण बहुतेक वेळा नंतर जोडलेल्या तारांत सापडते. कंपनीचा हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. तिथे १०० वॅटचे लावले की १६-१७ अँपिअर होतात, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने ती पावणेतीनपट होते. तार तीच, कनेक्टर प्लॅस्टिकचाच. जास्तीचे दिवे किंवा हॉर्न लावायचेच असतील तर बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, बॅटरीजवळच फ्यूज आणि रिले घेऊनच लावावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार पिळून बसवणारा वायरमन दिसला तर पैसे न देता निघावे. सीएनजीचे किट मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवावे, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकवू नये.

बाकी दोन कारणे आपल्या भागातली आहेत. एक उंदीर. कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की ते बॉनेटखाली बिऱ्हाड करतात, तारांवरचे आवरण आणि पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडतात. तंबाखूच्या पुड्या ठेवणारे पुष्कळ आहेत, पण वास चार दिवसांत जातो आणि उंदीर राहतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, गवत, चिंध्या दिसतात का पाहावे, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नये. दुसरे कारण वाळलेले गवत. लग्नाला गेल्यावर शेतात, धसकटांवर गाड्या लावतात. नुकत्याच चाललेल्या गाडीचा सायलेन्सरचा भाग शेकडो अंश तापलेला असतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळण्याचे चक्र चालू असेल तर आत ६०० अंशांच्या आसपास असते. पाचट पेटायला याच्या निम्म्याचीही गरज नाही.

बॉनेटमधून धूर दिसला तर कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि सगळ्यांना आधी खाली उतरवावे. बॉनेट पूर्ण उघडला की हवा मिळून भडका होतो. खटका ओढून बोटभर फट करावी आणि तिथून आग विझवायच्या सिलिंडरची पावडर मारावी. दारे अडकली तर समोरची काच फोडत बसू नये, ती चिकट थराची असते. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तू मारावी.

पाण्याबद्दल थोडेच, कारण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ते बहुतेकांना कळून चुकले आहे. फरशी पुलावर वाहते पाणी फूटभर असले तरी छोटी कार ढकलली जाऊ शकते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि असे पुन्हा सुरू करताना झालेले इंजिनचे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कलम घ्यावे लागते. गाडी ढकलून बाहेर काढावी, एअर फिल्टर ओला आहे का पाहावा, ओला असेल तर मिस्त्रीकडे ओढूनच न्यावी.

बॅटरी उन्हाळ्यात मरते आणि हिवाळ्यातल्या पहिल्या गार सकाळी कळते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट ठीक, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नुसते टक-टक होत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल घासून आवळून पाहा.

संपादकसाहेब, आपल्या बातमीदारांना एक विनंती आहे. अपघातस्थळाचे फोटो काढताना फुटलेल्या टायरच्या बाजूचा एक फोटो जास्तीचा घ्यावा आणि ते चार आकडे बातमीत द्यावेत. ब्रेकची बातमी असेल तर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती आणि ऑइल केव्हा बदलले होते, आणि आगीची असेल तर वायरिंगचे बाहेरून काय काम केले होते, एवढे मालकाला विचारावे.

आपले,
जालना-बीड भागातील काही गॅरेजचालक